नाव कुणाच्या नावावर

आप्पांचा फोन आला तेव्हा चवथ तोंडावर होती आणि घरात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी चालली होती. आप्पा म्हणजे आमच्या नाट्यमंडळातले सगळ्यात जुने नट, एकेकाळी पंचक्रोशीत गाजलेले स्त्रीपार्टी. वय झालं तरी आवाज तोच, मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "आरे, आमच्या सायटीर जुगार चालू जाला मरे!" मला आधी कळलंच नाही. पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात आणि त्यांच्यावरून गोव्यात रोज कुणी ना कुणी कुणाशी तरी भांडत असतं. म्हटलं, त्यातलंच काहीतरी असेल. पण आप्पांनी नातवाच्या मोबाइलवर स्वतः बोटाने मंडळाच्या वेबसाइटचा पत्ता टाकला होता आणि समोर आली होती गरगरणारी चाकं, पत्त्यांची पानं आणि पहिल्या डावाला बोनसचं आमिष. तिथे पूर्वी त्यांचा रुक्मिणीच्या वेषातला फोटो होता. "पत्ता नीट टाकलात ना?" असं मी विचारलं आणि लगेच बोलणी खाल्ली. "म्हज्या मंडळाचें नांव हांव चुकतलों?"

मी उघडून पाहिलं. नाव आमचंच होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

फोंड्याच्या बाजूला, म्हणजे अंत्रुज महालात, देवळाचा उत्सव आणि नाटक यांची फारकत कुणी करत नाही. पालखी झाली, आरत्या झाल्या, की रात्री नाटक. नट गावचेच, दिग्दर्शक गावचा, पेटीवर शाळेतले मास्तर आणि तबल्यावर बँकेतला कॅशियर. या सगळ्याचं जे काही साठलेलं होतं ते त्या साइटवर होतं: जुनी हँडबिलं, कुणी कोणती भूमिका केली याच्या याद्या, देवळाच्या कोठीत पेटीत सापडलेले पिवळे पडलेले फोटो. सगळं मांडलं होतं गावातल्याच एका मुलाने. कॉलेजात असताना एका पावसाळ्यात, वीज असेल तेव्हा, रात्री बसून. एक पैसा घेतला नाही. नाव त्यानेच घेतलं, जागा त्यानेच घेतली, पहिल्या वर्षीचे पैसे त्याच्याच कार्डावरून गेले आणि नंतर खजिनदारांनी ते त्याला रोख दिले. पुढे इकडच्या कितीतरी मुलांसारखा तोही पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेला. आता स्विंडनला असतो, गोदामात रात्रपाळी करतो. गावच्या जत्रेचे व्हिडिओ मात्र सगळ्यांच्या आधी बघतो.

मंडळाच्या ग्रुपवर दिवसभर एकच शब्द फिरत राहिला, हॅक. कुणीतरी सायबर पोलिसांकडे जायचं म्हणत होता. मला मात्र खुपत होतं ते वेगळंच. कुणी काही फोडलं नव्हतं. कुलूप तोडलं नव्हतं, पासवर्ड चोरला नव्हता. नावाची मुदत संपली, आमच्यापैकी कुणी ती वाढवली नाही, ते पुन्हा बाजारात आलं आणि कुणीतरी रीतसर पैसे भरून ते घेतलं. चोर असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मंडळाला हे समजावून सांगणं माझ्यावर आलं, कारण मी संगणकावर काम करतो आणि गावात संगणकावर काम करणाऱ्याला प्रिंटरपासून आधार कार्डापर्यंत सगळं येतं असं धरून चालतात. पहिली अडचण तिथेच. सगळ्यांच्या डोक्यात 'साइट' ही एकच वस्तू होती. तिचं नाव वेगळं, तिची जागा वेगळी, दोन्हींचं बिल वेगळं, हे खजिनदारांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्या मुलाने दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतली होती. डोमेन म्हणजे नुसतं नाव. त्यात एक फोटोसुद्धा ठेवता येत नाही. होस्टिंग म्हणजे जागा, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये सदैव चालू असलेल्या संगणकावरची, जिथे फोटो आणि मजकूर खरोखर असतो. त्या संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो, शून्य ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंबं. नावावरून तो आकडा शोधून देणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. हे मी दोनदा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग आप्पांनी विचारलं, "म्हणजे आमचे फोटो जुगारवाल्यांकडे आहेत?"

तेव्हा मला म्हाळसा आठवली. आठवायला लांब जावं लागत नाही. आमच्याकडे बसने कुठेही निघालं तरी वाटेत कुठल्या ना कुठल्या देवाची कमान लागतेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टीत देवळं पडायला लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून इकडे आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नागेश तेवढा मूळचाच बांदोड्याचा. जागा बदलली, नाव बदललं नाही. म्हाळसेच्या बाबतीत तर वेरण्याला जिथे देऊळ होतं त्या भागाचं नावही बरोबर आलं. तिकडे आजही जुना म्हार्दोळ म्हणतात. मंगळूरच्या नाहीतर कारवारच्या कुळाव्याने, म्हणजे त्या कुळदेवाच्या भक्ताने, देवाचं नाव घेऊन विचारलं की विचारत विचारत तो नव्या जागी पोचायचा. मी आप्पांना म्हटलं, देवी म्हणजे साइटचा ऐवज, देऊळ म्हणजे होस्टिंग, आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे डोमेन. उद्या होस्टिंगवाला नकोसा झाला तर सगळा ऐवज उचलून दुसरीकडे न्यायचा आणि त्या नावापुढे नवा आकडा लिहायचा. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही की देऊळ हललंय. आमचे फोटो जुगारवाल्यांकडे गेले नाहीत. त्यांच्याकडे फक्त नाव गेलंय, आणि त्या नावापुढे त्यांनी आपल्या देवळाचा आकडा लिहिलाय.

आप्पांना हे पटलं, पण त्यांनी त्यातली गोम लगेच काढली. म्हाळसेचं नाव कुणी दरवर्षी पैसे भरून टिकवलं नव्हतं.

नाही भरले. तिथे नाव हजारो घरांत एकाच वेळी ठेवलेलं होतं. एका घराला विसर पडला तरी दुसऱ्या घरात होतंच. गंमत म्हणजे इंटरनेटची सुरुवातही जवळपास अशाच घरगुती रीतीने झाली. इंटरनेटच्या आधीचं जाळं म्हणजे आर्पानेट, त्याच्या काळात जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एका साध्या यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची मंडळी सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर कचेरीच्या वेळात त्यांना कळवायचं, त्या नाव लिहून घेणार, आणि बाकीचे सगळे ती यादी आपापल्या संगणकावर उतरवून घेणार. प्रत्येकाच्या घरी अख्खी यादी. संगणक वाढत गेले तशी ती यादी फुगत गेली, जुनी प्रत ठेवणाऱ्याला नवीन माणूस सापडेना, दोघांनी एकच नाव घेतलं की गोंधळ. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. कुणाकडेही अख्खी यादी नको. प्रत्येकाने आपल्या हाताखालच्यांची तेवढी ठेवावी आणि बाकीचं वरच्याला विचारावं. १९८५ च्या १५ मार्चला सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. आपलं डॉट इन १९८९ चं, पण ते सर्वांना मोकळेपणाने मिळायला लागलं २००५ नंतर.

मला या रचनेतली एक गोष्ट मनापासून आवडते. नाव आपण डावीकडून वाचतो, यंत्रणा उजवीकडून. आणि सगळ्यात उजवीकडे, डॉट इनच्याही नंतर, एक टिंब असतं जे आपण कधीच लिहीत नाही. ते मूळ. त्या टिंबाचा कारभार ए पासून एम पर्यंत तेरा नावांच्या रूट सर्व्हरांकडे आहे (प्रत्यक्षात त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी आहेत). रूट सर्व्हरला आमचं मंडळ माहीत नसतं. डॉट इन कुणाकडे विचारायचं एवढंच तो सांगतो. डॉट इनवालाही आकडा देत नाही, अमक्या नेमसर्व्हरला विचारा म्हणतो. तो नेमसर्व्हर शेवटी आकडा सांगतो. एवढी विचारपूस डोळ्याचं पातं लवायच्या आत होते आणि मिळालेलं उत्तर वाटेतले सगळे काही काळ लक्षात ठेवतात, म्हणजे दर वेळी वरपर्यंत जावं लागत नाही. इतक्या लोकांवर विसंबून असलेलं काम इतक्या मुकाट्याने होतं, याचं मला अजून नवल वाटतं. आमची नाटकाची तालीम ठरल्या वेळी सुरू झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

पण या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला एक माणूस असतो आणि त्याचा एक ईमेल असतो. आमच्या बाबतीत तो ईमेल त्या मुलाचा होता, कॉलेजच्या काळातला, केव्हाच सोडून दिलेला. डॉट कॉमच्या बाबतीत विक्रेत्याने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आठवण द्यावीच लागते, असा नियम आहे. आठवणी आल्या असणार. कुणी न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडल्या असणार. मुदत संपली की नाव लगेच जात नाही. विक्रेता काही दिवस, जास्तीत जास्त पंचेचाळीस, थांबू शकतो. त्यानंतर तीस दिवस असे असतात की जुना मालक जबर दंड भरून नाव सोडवून आणू शकतो. मग पाच दिवस ते नाव कुणाचंच नसतं आणि कुणाला मिळतही नाही. त्यानंतर जो पहिला हात घालेल त्याचं. हात घालणारी माणसंही नसतात. सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेले प्रोग्राम असतात. या सगळ्या काळात आमची साइट बंदच दिसत असणार. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्हीच आमच्या साइटवर किती वेळा जात होतो, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला नाही आणि मीही काढला नाही.

जुगारवाल्यांना एका खेड्यातल्या नाट्यमंडळाचं नाव कशाला हवं, हे कुणालाच कळेना. नावाशी त्यांना देणंघेणं नाही. ते नाव जुनं आहे, वर्तमानपत्रांच्या लेखांतून, नाट्यविषयक पानांवरून त्याकडे दुवे दिलेले आहेत, आणि शोधयंत्रं अशा नावाला नव्या नावापेक्षा जास्त मान देतात. आप्पांच्या पिढीने उभं राहून, घसा फोडून जी पत मिळवली, तिच्या आडोशाने आता चाकं फिरतायत. वर त्या पानावर पत्त्याच्या बाजूला कुलपाची खूणही होती. आमचे एक सभासद त्यावर भाळले. कुलूप आहे म्हणजे सरकारमान्य असणार. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं वाटेत कुणाला ऐकू येत नाही. पलीकडे कोण बसलाय याबद्दल ते काही बोलत नाही. ते प्रमाणपत्र आता फुकटही मिळतं, ज्याच्या ताब्यात नाव त्याला.

मोठ्यांचंही असं होतं, हे सांगून मी बैठकीत थोडी हवा हलकी करायचा प्रयत्न केला. २०१५ मध्ये कच्छमधल्या मांडवीच्या एका तरुणाला गूगल डॉट कॉम हे नाव विक्रीला दिसलं, १२ डॉलरला. त्याने घेतलं. मिनिटभर तो त्याचा मालक होता. मग व्यवहार रद्द झाला आणि कंपनीने त्याला बक्षीस दिलं, ६,००६.१३ डॉलर, इंग्रजी आकडे जरा डोळे बारीक करून पाहिले तर त्यात गूगल हे रोमन नाव दिसतं. त्याने ते दान करायचं म्हटल्यावर कंपनीने रक्कम दुप्पट केली. सगळे हसले. खजिनदार हसले नाहीत. "त्यांचं नाव मिनिटात परत मिळालं," ते म्हणाले, "आमचं?"

आमचं मिळणार नव्हतं. जगभर चालणारी तक्रारीची एक पद्धत आहे, १९९९ पासून, पण तिथे नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवावा लागतो आणि जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका नावाच्या तक्रारीची फी १,५०० डॉलर आहे. हा आकडा मी बैठकीत उच्चारलाच नाही. नव्या मालकाला लिहून पाहावं म्हटलं तर त्याचं नाव-गाव नोंदीत झाकलेलं. ही सोय २०१८ नंतर सगळीकडे झाली आणि एरवी मी तिच्या बाजूनेच बोलतो.

त्या मुलाशी बोलणं झालं ते त्याची पाळी संपल्यावर. त्याला कुणीतरी आधीच ग्रुपवर नको ते सुनावलं होतं. तो सारखं सॉरी म्हणत होता आणि मला त्याच्यापेक्षा आमचाच राग येत होता. ज्या मंडळात एक हॅलोजन दिवा विकत घ्यायचा तर तीन सह्या लागतात, त्या मंडळाने आपलं नाव एकोणीस वर्षांच्या पोराच्या खिशात ठेवलं आणि तो विमानात बसताना ते मागून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आज्ज्याच्या आज्ज्याचं नाव शोधत फिरणारी माणसं आम्ही. होस्टिंगचंही त्याने सांगितलं. पहिल्या वर्षी स्वस्तात दिलं होतं, पुढच्या वर्षांचा दर कितीतरी जास्त होता, त्याचं भारतातलं कार्ड बंद झालं, पैसे कटले नाहीत. बिल थकलं की होस्टिंगवाला काही काळाने फाइली पुसतो. म्हणजे देऊळही गेलं आणि आतलंही.

सगळं नाही गेलं. इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवते, आणि २००१ पासून कुणालाही त्या पाहता येतात. आमच्या साइटच्याही काही प्रती तिथे निघाल्या. नटांच्या याद्या जवळजवळ पूर्ण, मजकूर बराचसा, फोटो मात्र ज्या पानांवर यंत्र फिरलं होतं तेवढेच. रुक्मिणी नव्हती. उरलेल्या फोटोंपैकी पुष्कळ त्या मुलाच्या जुन्या हार्ड डिस्कवर असावेत, जी त्याच्या आईने इकडेच कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली होती. बुरशी लागली होती, पण चालली.

नवं नाव घ्यायची बैठक नाटक निवडायच्या बैठकीपेक्षा लांबली. आप्पांना नाव देवनागरीत हवं होतं. मिळतं, २०१४ पासून डॉट भारत आहे आणि त्यात मराठी, कोकणी दोन्ही बसतात. मूळ व्यवस्थेला रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच कळतं, त्यामुळे आत जाताना आपलं नाव एक्स, एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं रोमन सोंग घेऊन जातं आणि आपल्याला दिसताना पुन्हा देवनागरीत येतं. आप्पांना यात गैर काही वाटलं नाही. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. तरुण मंडळींना धास्ती वेगळीच. बाहेरच्या मुलांच्या कीबोर्डवर देवनागरी नसते आणि कित्येक फॉर्म असला पत्ता घेतच नाहीत. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं, डॉट इन मुख्य आणि देवनागरीतल्या नावावरून आपोआप तिकडे वळण. एकदम दहा वर्षांचे पैसे भरावेत असं मी सुचवलं. त्याहून जास्त मुदत मिळत नाही. आप्पांनी मनातल्या मनात वर्षं मोजली आणि काही न बोलता पुढचा विषय घ्यायला सांगितला. नोंद मंडळाच्या नावावर, ईमेल मंडळाचा, आणि तो उघडणारे तिघे. तिसरा कोण यावर वाद झाला. स्विंडनच्या मुलाला पुन्हा किल्ली द्यायची नाही, असं खजिनदारांचं म्हणणं. मी म्हटलं, उलट गावातल्या दोघांपेक्षा तोच रोज ईमेल बघेल. मत टाकलं गेलं आणि तो आला.

साइट चढवली त्या दिवशी फोन वाजायचा थांबेना. आम्ही नाव आधी विक्रेत्याच्या नेमसर्व्हरवर ठेवलं होतं, मग होस्टिंगवाल्याच्या नेमसर्व्हरकडे वळवलं, आणि ज्याच्या ज्याच्या वाटेवरच्या यंत्रणेने जुनं उत्तर लक्षात ठेवलं होतं त्याला अजून कोरं पानच दिसत होतं. कवळ्याला दिसली, फोंडा बाजारात दिसेना. वास्कोला ऑफिसात दिसली, त्याच माणसाला घरी दिसेना. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत थांबा, असं मी सांगत राहिलो आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. स्विंडनला पहिल्या झटक्यात दिसली म्हणे. दुसऱ्या दिवशी मुंबईहून एका सद्गृहस्थांचा फोन आला. मला वाटलं, यांनाही कोरं पान. त्यांना व्यवस्थित दिसत होतं. एका जुन्या नाटकाच्या यादीत त्यांच्या वडिलांनी केलेला शिशुपाल दुसऱ्याच कुणाच्या नावावर घातला होता, आणि हँडबिल त्यांच्याकडे होतं. "बापायचें नांव खंय?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मी हँडबिलाचा फोटो मागून घेतला आणि आप्पांना लावला. आप्पांनी शिशुपाल कोण होता ते सांगितलं, रुक्मी कोण होता तेही सांगितलं, आणि त्या रात्री शिशुपालाला दाढी चिकटत नव्हती म्हणून दुसरा अंक किती उशिरा सुरू झाला, हे सांगायला घेतलं.